झाडात आयतं मिळतं, तेच प्रयोगशाळेत बनवून वुडवर्ड यांनी काय मिळवलं?

तुम्ही विचारलंय की हार्वर्ड विद्यापीठातले रसायनज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांनी क्विनीन, स्ट्रिकनीन, रेसर्पिन, क्लोरोफिल असे झाडाझुडपांत तयार असलेले रेणू बनवण्यात उभं आयुष्य घातलं, तर त्यात संशोधन काय? मी ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवतो आणि एमएस्सीच्या मुलांकडूनही मला हे ऐकायला मिळतं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की शेवटी बाटलीत पडणारी पांढरी पूड हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. तिथवर जाताना रेणू कसे वागतात हे जे कळतं, तीच खरी कमाई.

रेसर्पिनचंच घ्या, कारण त्याचं मूळ आपल्याकडे आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवरच्या निरीक्षणांसह 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. 1956 मध्ये वुडवर्ड यांच्या गटाने ते बनवूनही दाखवलं.

या रेणूत अणूंच्या पाच रिंग आणि सहा स्टिरिओसेंटर, म्हणजे असे कार्बन ज्यांना जोडलेले गट डाव्या-उजव्या हातासारखे दोन वेगळ्या प्रकारे बसू शकतात. त्यातली पाच एकाच रिंगवर दाटीने बसलेली. बेंझोक्विनोन या साध्या रेणूवर डील्स-आल्डर (दोन तुकडे जोडून एकदम सहा कार्बनची रिंग बनवणारी अभिक्रिया) करून वुडवर्ड यांनी सुरुवातीलाच त्या रिंगचा पाया घातला. पण शेवटाकडे एक अडचण उभी राहिली. सहावं केंद्र, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा कार्बन, उलट्या बाजूचं तयार होत होतं. रेणूला तीच रचना सोयीची, त्यामुळे नुसतं आम्लात तापवून ते पलटणार नव्हतं.

मग त्यांनी काय केलं? रिंगवरच्या आम्लगटाची आणि हायड्रॉक्सिल गटाची गाठ मारून लॅक्टोन, म्हणजे रिंगच्या रूपातला एस्टर, बनवला. त्या गाठीमुळे रेणूला स्वतःला पिळून बसावं लागलं, लोकलच्या बाकावर चौथी सीट घेतल्यासारखं. आता आधीची सोयीची रचना अवघड झाली आणि हवी होती ती सोयीची. झायलीन या द्रावकात पिव्हॅलिक आम्लाबरोबर तापवलं आणि ते केंद्र आपसूक पलटलं. गाठ मग मिथॉक्साइड या अल्कलीने सोडवली. रेणूवर बळजबरी न करता त्याची आवडच बदलून टाकायची, हा विचार त्या काळी फार पुढचा होता. मला आजही या पायरीइतकं सुंदर रसायनशास्त्र क्वचितच दिसतं. आणि हे कागदावरच राहिलं नाही. फ्रान्समध्ये हाच मार्ग थोडाफार बदलून कारखान्यात वापरला गेला.

बाकी कारकीर्द थोडक्यात सांगतो. जन्म 1917, बॉस्टनचा. सोळाव्या वर्षी एमआयटीत प्रवेश, मधे अभ्यासाकडे दुर्लक्ष झालं म्हणून बाहेर, पुन्हा आत, आणि 1937 मध्ये विशीतच पीएचडी. पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य हार्वर्डमध्ये. 1944 मध्ये सहकारी डोअरिंग यांच्याबरोबर क्विनीन, 1954 मध्ये स्ट्रिकनीन, 1960 मध्ये क्लोरोफिल. 1965 मध्ये नोबेल.

तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर मात्र जीवनसत्त्व बी-12 मध्ये आहे. झुरिकच्या अल्बर्ट एशेनमोझर यांच्या गटाबरोबर हे काम 1972 मध्ये पुरं झालं. त्यावर दोन्हीकडचे मिळून शंभराच्या आसपास संशोधक राबले. त्याच कामात एक रिंग बंद करताना अपेक्षेच्या उलट बाजूचा पदार्थ मिळाला. उष्णतेने एक आणि प्रकाशाने दुसरा, असा प्रकार होता. दुसऱ्या कुणी परिस्थिती बदलून पुढची पायरी गाठली असती. वुडवर्ड 'असं का?' यावर अडून बसले आणि तरुण सैद्धांतिक रसायनज्ञ रोआल्ड हॉफमन यांना सोबत घेऊन त्यांनी 1965 मध्ये ऑर्बिटलच्या, म्हणजे रेणूत इलेक्ट्रॉन जिथे असतात त्या जागांच्या, सममितीचे नियम मांडले. तुमच्या पेरिसायक्लिक अभिक्रियांच्या धड्यात कॉनरोटेटरी-डिसरोटेटरी (रिंग बंद होताना दोन्ही टोकं एकाच दिशेने फिरतात की उलट दिशांनी) आहे, ते हेच. त्यासाठी हॉफमन यांना जपानच्या फुकुई यांच्याबरोबर 1981 मध्ये नोबेल मिळालं. वुडवर्ड 1979 मध्येच गेले होते.

सिंथेसिसमध्ये, म्हणजे असे रेणू बनवण्याच्या कामात, पीएचडी करायचा विचार असेल तर टेट्राहेड्रॉन या संशोधनपत्रिकेतला 1958 चा रेसर्पिनचा सविस्तर लेख मिळवा आणि मॉडेल किट (रेणू जोडायचे गोळे-काड्या) शेजारी घेऊन वाचा. लॅक्टोनची पायरी हाताने जोडून बघा. नुसत्या कागदावरच्या रेघांवरून ती कळत नाही. काही अडलं तर खाली विचारा, मी सांगेन.