आखाजी आधी, तंबू नंतर

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून माझे वय ६७ वर्षे आहे, पत्नीचे वय ६३ आहे. आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. नोकरीत असताना उन्हाळा म्हणजे पाण्याच्या आवर्तनांचा काळ असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत मला कधीही रजा मिळाली नाही आणि मुलांना घेऊन कोठे जाता आले नाही. यंदा मुलाने आम्हांला दोघांपुरता तंबू भेट दिला आहे. आमची लहान मोटारगाडी घेऊन २० दिवसांत तोरणमाळ, पाल, पाटणादेवी, पद्मालय, उनपदेव, कोथळी, चांगदेव, बऱ्हाणपूर, असीरगड, अजिंठा, प्रकाशा ही ठिकाणे पाहावीत, रावेरजवळ बहिणीच्या केळीच्या मळ्यात एक रात्र काढावी आणि शेवटी सुरतेला मुलीकडे जावे, असा बेत आहे. जमेल तेथे तंबूत राहण्याचा विचार आहे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. कृपया क्रम लावून द्यावा.

याच पाकिटात वेगळ्या अक्षरातली एक चिठ्ठी निघाली. तीही येथे देत आहे.

‘यांच्या यादीत अकरा ठिकाणे आहेत, पण अमळनेरजवळचे माझे माहेर नाही. आई-वडील आता नाहीत; भाऊ-भावजय मात्र दर आखाजीला बोलावतात. त्या दिवशी घरी घागर भरायची असते, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांनंतर माझे जाणे सुटले ते सुटलेच. दुसरे असे की, माझे गुडघे जमिनीवर बसून उठू देत नाहीत, मग तंबूत मी कशी निजणार? आणि मुलीच्या घरी चार दिवसांपेक्षा अधिक राहणे बरे दिसत नाही असे हे म्हणतात, ते आजच्या काळात खरे आहे का?’

उत्तर : क्रम आपण मागितला आहे, पण त्याची सुरुवात वहिनींच्या चिठ्ठीपासून करावी लागेल. खानदेशातल्या उन्हाळ्याला स्वतःचा एक क्रम पूर्वीपासून आहे आणि त्याच्या मध्यभागी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उभी आहे. या दिवशी सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल संपून नवे ठरते, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात आणि घरोघर घागर पुजून पितरांना आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो. आपल्या बेतात हा दिवस कोठेच दिसत नाही. तो आधी मांडला की बाकीचा प्रवास त्याच्या भोवती आपोआप बसतो.

घागरीची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. पूजा सकाळची असते; नैवेद्य दाखवून, जेवून, दुपारची विश्रांती घेऊन ऊन उतरल्यावर आपण निघालात, तर दिवेलागणीपर्यंत अमळनेरच्या बाजूला पोहोचाल. इतकी वर्षे हे का सुचले नाही, असा प्रश्न मी विचारणार नाही, कारण पाटबंधारे खात्यातल्या माणसाला वैशाखात घरी जेवायला मिळाले तरी पुष्कळ, हे मला ठाऊक आहे. मात्र आपणही सोबत जावे. वहिनींना सोडून परत फिरू नये. तेथे निदान पाच-सहा दिवस राहावे. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा अक्षय्य तृतीयेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत चालते. मोहिनी एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. रथ पाहावयाचा असेल तर मुक्काम एकादशीपर्यंत लांबवावा. पात्रात गर्दी संध्याकाळनंतर होते, तेव्हा ऊनही नसते. सकाळच्या वेळी प्रताप तत्त्वज्ञान मंदिर बाहेरून तरी पाहून यावे. १९१६ साली एका तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था उभी राहिली, ही गोष्ट आपल्याकडे जरा कमीच सांगितली जाते. साने गुरुजी ज्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते तेही याच गावातले.

आता यादीविषयी. अकरा ठिकाणे, एक मळा आणि एक सुरत, हे २० दिवसांत बसते खरे, पण मग प्रत्येक दुपार रस्त्यावर जाते, आणि जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. म्हणून संध्याकाळच्या जवळच्या फेऱ्या सोडल्या तर गाडी सकाळी सहा ते दहा या वेळातच चालवावी, असा नियम ठेवा. तो पाळायचा म्हटले की निम्मी यादी आपोआप गळते. अजिंठा उन्हाळ्यात पाहू नये. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या त्या कड्यात खडक तापून चारी बाजूंनी धग येते आणि वहिनींच्या गुडघ्यांना तेथल्या पायऱ्या झेपणार नाहीत. असीरगडाचेही तसेच. पाटणादेवीला श्रावणात जावे, तेव्हा केदारकुंडाला पाणी असते. आणि जाल तेव्हा भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापल्याची नोंद असलेल्या शिलालेखाची माहिती आधी वाचून जावी, म्हणजे देवळाकडे पाहण्याची नजर बदलते. उनपदेवला ऊन पाण्याचा झरा आहे. वैशाखात गरम पाण्याचा झरा पाहायला जाणाऱ्यास मी अडवणार नाही, पण सोबतही जाणार नाही. पद्मालय एरंडोलजवळ असल्याने अमळनेरहून एका सकाळीत होते. तेथे डाव्या आणि उजव्या सोंडेच्या गणपतीच्या दोन मूर्ती आहेत. (आपण धुळ्यात राहता, तरी राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यादीत नाही, हे सहज म्हणून नोंदवतो.)

अमळनेरनंतरचा मोठा मुक्काम बहिणीच्या मळ्यात करावा, आणि तो एका रात्रीचा नसावा. पाच-सहा दिवस राहा. एका रात्रीसाठी येणारा पाहुणा घरच्या बाईला सर्वांत अधिक दमवतो, कारण त्याच्यासाठी सगळा पाहुणचार एकाच दिवसात उरकावा लागतो. भरीत, पुरी, शेवभाजी, खापरावरची पुरणपोळी असे सगळे दोन जेवणांत. आठवडाभर राहणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर आणि ठेच्यावर येतो आणि घरचा होतो. शिवाय हे दिवस बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, शेवया यांच्या वाळवणाचे आहेत. गच्चीवर पहाटे बिबडे थापायला एक हात वाढला तर नणंदेला ते हवेच असेल, आणि हे काम उंच पाटावर किंवा खुर्चीवर बसूनही करता येते. आपण मात्र मळ्यात पाटबंधाऱ्याचे शहाणपण सांगत फिरू नये. केळीला पाणी रात्री वीज येईल तेव्हा द्यावे लागते आणि मेहुण्यांची झोप आधीच अपुरी असते. मे अखेरीस बागायती कापसाच्या लागवडीची घाई सुरू होते, तेव्हा त्याआधी तेथून निघालेले बरे.

तंबूची हौस भागवण्याची योग्य जागा हा मळाच आहे. दिवसा नायलॉनचा तंबू म्हणजे भट्टी असते, म्हणून तो सूर्य मावळल्यावर उभारावा आणि उजाडताच सोडावा. वरचे आच्छादन काढून नुसती जाळी ठेवली तर वारा खेळतो. वहिनींसाठी तंबूशेजारी बाज टाकून तिच्यावर मच्छरदाणी लावावी. गुडघ्यांचा प्रश्न तेथेच सुटतो, आणि उन्हाळ्यात जमिनीपेक्षा बाजेवर निजणे विंचवाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. सकाळी चपला झटकल्याशिवाय पाय घालू नये. तंबू जुन्या झाडाखाली लावू नये. मी स्वतः एका मे महिन्यात आंब्याच्या सावलीचा मोह धरला होता. रात्री वादळ आले, फांदी तंबूपासून हातभर अंतरावर पडली आणि उरलेली रात्र आम्ही गाडीत बसून काढली. रावेर-यावलच्या केळीबागा ज्या वाऱ्याने आडव्या होतात त्याला तंबूचे खुंट काय अडवणार?

मळ्यातून पालला एका सकाळी जाऊन यावे. सातपुड्याच्या कुशीतले हे गाव सुकी नदीच्या खोऱ्यात आहे आणि त्याला लागून यावल अभयारण्य आहे. अभयारण्यात मन मानेल तेथे तंबू ठोकता येत नाही. प्रवेशाला आणि मुक्कामाला वनविभागाची परवानगी लागते आणि ती आधी घ्यावी लागते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या दृष्टीने वणव्याचा काळ असल्यामुळे जंगलात चूल, शेकोटी किंवा विडीसुद्धा पेटवू नये. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली तो गुन्हा आहे. गाडीत लहान गॅस सिलिंडर नेण्याचा विचार असेल तर तोही सोडावा, कारण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तो ठेवणे धोक्याचे आहे. दुसऱ्या एका सकाळी कोथळीचे मुक्ताईचे मंदिर आणि तापी-पूर्णा संगमावरचे चांगदेवाचे देऊळ पाहता येईल. चांगदेवला सातच्या आत पोहोचलात तर दगड तापण्यापूर्वी कोरीव काम निवांत पाहून होते. बऱ्हाणपूर जवळच आहे. जायचे असेल तर फक्त कुंडी भंडारा पाहून परतावे. सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगरातले झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि कुंड्यांच्या रांगेतून शहरापर्यंत आणण्याची ती योजना पाटबंधारे खात्यातल्या माणसाने न पाहणे बरे नव्हे.

तेथून तोरणमाळ. रावेर, यावल, चोपडा, शहादा असा सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता लांब आहे, म्हणून तो दोन सकाळींत तोडावा आणि मधली रात्र शहाद्याला काढावी. प्रकाशा त्याच बाजूला असल्याने तापीकाठच्या केदारेश्वराचे दर्शन संध्याकाळी होऊन जाते. शहाद्याहून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर आहे. शेवटचा घाट वळणांचा असल्याने पेट्रोल, हवा आणि ब्रेक शहाद्यालाच पाहून घ्यावेत, आणि औषधे व रोख पैसेही तेथूनच घ्यावेत. तोरणमाळची उंची सुमारे १,१५० मीटर आहे. हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे शहाद्याला ४३ असेल तर वर ३६-३७ असेल. ‘थंड हवेचे ठिकाण’ या शब्दांवर भिस्त ठेवून शाल घेऊन जाणारे दुपारी निराश होतात. रात्र आणि पहाट मात्र खरोखर सुखाची असते. सीताखाईचा धबधबा या दिवसांत कोरडा असतो, यशवंत तलावाला पाणी असते. चार रात्री राहावे, त्यांतल्या तीन पक्क्या छपराखाली आणि एक, परवानगीच्या जागेत, तंबूत. याच दिवसांत तोरणमाळच्या अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांवर कैऱ्या सोलून आमचूर वाळत घातलेला दिसेल. तो तेथेच, वाळवणाऱ्यांकडूनच घ्यावा आणि भावाची फार घासाघीस करू नये.

तोरणमाळहून घरी परतून दोन-तीन दिवस विसावा घ्यावा, मग सुरत. त्यासाठी गाडी काढू नये. एसटीने नंदुरबार आणि पुढे रेल्वे हे सोयीचे. वाटेत नवापूर स्टेशन लागते, ज्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. नातवंडांना सांगायला तेवढे बरे.

मुलीकडे किती राहावे हा वहिनींचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. लेकीच्या घरचे पाणीही न पिण्याची रीत पाळणारी पिढी आपण पाहिली आहे. तिची सावली आपल्या ‘चार दिवसां’वर आहे. आज दोघेही नोकरी करणाऱ्या घरात आजी-आजोबा सुट्टीत दहा दिवस आले तर मुलांची सोय होते, जावयालाही ते जड वाटत नाही. अडचण रीतीची नसून जागेची असते. घर दोन खोल्यांचे असेल तर सहा दिवस पुरेत, आणि परतताना नातवंडांना सोबत घेऊन यावे. जावयांशी याबद्दल आपण स्वतः बोलावे, मुलीच्या मार्फत बोलू नये. तिला दोन्हीकडे सांभाळावे लागते.

या साऱ्याला २० दिवस पुरणार नाहीत, सव्वा महिना धरावा. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही लघवी वाढवणाऱ्या असतात आणि उन्हात त्यांनी अशक्तपणा येऊ शकतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना प्रवासाची कल्पना द्यावी, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

प्रश्न : आम्ही चोपड्याचे. पत्नी इन्सुलिन घेते. उन्हाळ्यात मळ्यात आठ दिवस राहायचे आहे, पण तेथे फ्रिज नाही. काय करावे?

उत्तर : वापरात घेतलेली बहुतेक इन्सुलिने २५ ते ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकतात, वेष्टनावरची सूचना मात्र वाचावी. कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लहान मडक्यात ठेवावी, मडक्याभोवती ओले फडके गुंडाळून ते सावलीत, वाऱ्यावर ठेवावे आणि फडके वाळू देऊ नये. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते. जूनच्या दमट हवेत तेवढी चालत नाही. कुपी बर्फाला टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. गाडीत तर ती पाच मिनिटेही विसरू नये.

प्रश्न : माझे वय ७६, पत्नीचे ७०. साक्रीहून नातेवाइकांकडे एसटीने जातो. सवलत नेमकी किती, आणि रेल्वेत मिळते का?

उत्तर : ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे आणि स्त्रियांना कोणत्याही वयात निम्मे भाडे आहे. म्हणजे आपले तिकीट शून्य रुपयांचे आणि त्यांचे अर्धे. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. सुरत किंवा सेंधव्याच्या गाडीत हद्दीपुढचे भाडे पूर्ण द्यावे लागते. आधार कार्ड जवळ ठेवावे. रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. मात्र आरक्षण करताना वय बरोबर लिहिले तर ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना खालचा बर्थ देण्याकडे कल असतो. तो शिल्लक असेल तरच मिळतो, म्हणून सुट्टीच्या दिवसांत तिकीट लवकर काढावे.