प्रोफाइलवर शूट करताय तर डिमरपासून लांब रहा

तुम्ही लिहिलंय की भाड्याच्या प्रोफाइलवर (नाटकातला लेन्सवाला स्पॉटलाइट, ज्याच्या उजेडाच्या कडा कापता येतात) मुलाखत शूट केली, चेहरा नारिंगी आला, आवाजात बारीक गुणगुण आली आणि आता नवीन माइक घ्यायचाय. अहो थांबा, माइक बिचारा ठीक आहे, गाणं बल्ब गातोय.

नाटकाचा ट्रायॅक डिमर, म्हणजे दिवा कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, प्रत्येक सायकलला करंट कापतो, त्याने फिलामेंट थरथरतं आणि निम्म्यावर ठेवलं की सगळ्यात जास्त. पंधराव्या रांगेत कुणाला ऐकू येत नाही, कॉलरच्या माइकला येतं. वर डिमर खाली आणला की 3200 केल्विनचा उजेड अजून पिवळा होतो, तो तुमचा नारिंगी चेहरा.

आमचं हेच एका नाट्यगृहात झालं, नाव घेत नाही. ऑफिसात म्हटलं, एक लाइन डिमर सोडून डायरेक्ट द्या, 750 वॉटचा एकच दिवा आहे, साडेतीन अँपिअरसुद्धा खेचत नाही. तर म्हणे अर्ज द्या. अर्ज दिला तर लेटरहेड नाही. लेटरहेड आणलं तर साहेब जेवायला. शेवटी त्यांच्याच डिमरवर शूट केलं, अख्खी मुलाखत गुणगुणीसकट, आणि ते ज्येष्ठ नट परत बसायला तयार नाहीत (बरोबरच आहे त्यांचं). भाडं पूर्ण घेतलं, सफाईचे वेगळे!

असो. दिवा फुलवरच ठेवा, कमी करायचा तर एनडी जिलेटिन (रंग न बदलता उजेड कमी करणारा करडा फिल्टर) लावा नाहीतर मागे न्या, अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण पाव. आणि माझं मत विचाराल तर थेट तोंडावर मारूच नका, थर्माकोलच्या शीटवर मारा, तिथून परतलेला उजेड चेहऱ्यावर घ्या. प्रोफाइलची चारही शटर (धातूच्या पट्ट्या) ढकलून उजेड थर्माकोलच्या कडेला बरोब्बर कापता येतो, मागच्या भिंतीवर सांडत नाही, बेबीला (छोट्या फ्रेनेल दिव्याला) हे जमत नाही. फक्त वरचं शटर ढकललं की खालची कड कापली जाते, लेन्स उलटं दाखवते, सुरुवातीला डोकं फिरतं. शटर जाम तापतात, हातमोजे घाला.

खिडकीचा उजेड सोबत असेल तर फुल सीटीबी (पिवळा उजेड दिवसाच्या उजेडासारखा करणारं निळं जिलेटिन) लागेल, तो दोन तृतीयांश उजेड खातो, त्यापेक्षा पडदा ओढा.

मी इलेक्ट्रिशियन नाही हां, लाइन ओढायची तर लायसनवाल्याकडूनच. आणि बाहेरून सेकंडहँड सोर्स फोर (प्रोफाइलचंच एक मॉडेल) मागवणार असाल तर आधी बल्बवरचा व्होल्टेज वाचा, 115 चा असला तर आपल्या 230 वर स्विच दाबला की गेलाच.