नोटीस आधी वाच

प्रिय बेटा,

तडीपारीच्या मुदतीत तुझा अशील असलेला पोरगा कापूस वेचायला वावरात आला, ठाणेदारानं उचलला, तडीपारी मोडून परत आल्याचं कलम १४२ लागलं. आता तो जुना हुकूमच अन्यायाचा होता असं कोर्टात म्हणता येतं का, असं तू विचारलंस. येतं.

पण पोरगा किती सज्जन आहे, यावर भर देऊ नकोस. मी तीच चूक केली होती. एका कास्तकाराच्या पोरासाठी सरपंचाचा दाखला, गुरुजींचं पत्र, सगळं जोडलं. नोटीस मात्र वरवर चाळली. अपील फेटाळल्यावर रात्री कागद पुन्हा काढले तेव्हा दिसलं, नोटीस एका जिल्ह्याची होती आणि हुकूम तीन जिल्ह्यांचा. उरलेल्या दोन जिल्ह्यांबद्दल त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्या साली त्याच्या बापाची पऱ्हाटी वेचणीविना उभी राहिली. मला ते अजून बोचतं.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ६१ कोर्टाचं दार जवळपास लावूनच घेतं. फटी तीनच: कलम ५९ ची, म्हणजे नोटीस देऊन म्हणणं ऐकण्याची, पद्धत पाळली नाही, हुकमाला आधारच नव्हता, किंवा साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत असं अधिकाऱ्याचं मतच झालं नव्हतं. म्हणून एसडीओ (उपविभागीय अधिकारी) कार्यालयातून पूर्ण फाइलची प्रमाणित प्रत काढ. आरोपांचं स्वरूप नोटिशीत लिहिलंय का, उत्तराला किती दिवस दिले, गुन्हे किती जुने, नाव उघड न करता साक्षीदारांनी दिलेल्या गोपनीय जबाबांची खात्री कोणी केली, हे तारखांसकट मांड.

मुदत पूर्ण दोन वर्षांची असेल तर त्याची कारणं हुकमात शोध. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये हुकूम रद्द केला, त्यात ही कारणं नसणं हाही मुद्दा होता. त्याआधी, २०२१ मध्ये, आपल्या अमरावतीच्या एका पत्रकाराची तडीपारीही तिथेच रद्द झाली. दोन्ही निकाल पूर्ण वाच.

हे मुद्दे १४२ च्या खटल्यात बचाव म्हणून घेच, पण हुकूम रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका लागेल. तिथे पहिला प्रश्न येईल, मुदत संपली, आता काय उरलं? त्याच हुकमावर आज खटला उभा आहे, हे पहिल्या पानावर लिही. अपिलाचे ३० दिवस का चुकले, तेही लपवू नकोस.

आणि रविवारी त्याच्या घरी जा. पोच पावतीवरचा अंगठा कोणाचा आहे, आणि नोटीस घेताना ती कोणी वाचून दाखवली होती का, हे त्याच्या आईला शांतपणे विचार.

तुझा,
काका