डरहॅमजवळच्या जुन्या खाणगावात आता बघण्यासारखं काय उरलंय?

इंग्लंडमधल्या डरहॅमला शिकायला आलात आणि खाण बंद पडलेल्या गावात जाऊन काही बघायला मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी सहा वर्षं या भागात राहतेय. माझं उत्तर: ईझिंग्टन कॉलिअरी या गावाला जा, पण खाण शोधू नका.

१८९९ मध्ये खणायला घेतलेली ती खाण ७ मे १९९३ रोजी बंद झाली आणि वरचं सगळं पाडून टाकलं. आता तिथे गवताळ माळ आहे. कामगारांना खाली नेणारा लोखंडी पिंजरा तेवढा स्मारक म्हणून उभा केलाय. तिथून समुद्र दिसतो. त्याच समुद्राच्या तळाखालून ही माणसं कोळसा काढत होती.

मग दफनभूमीत जा. घाईनं नको. २९ मे १९५१ च्या पहाटे पाळी बदलत होती, त्यामुळे दोन पाळ्यांची माणसं एकाच वेळी खाली होती. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दाते पायराइट या कठीण खनिजावर घासले, ठिणगी उडाली, मिथेन पेटला. कोळशाच्या धुळीनं तो भडका बोगद्यांमधून पुढे पुढे नेला. ८१ खाणकामगार गेले, आणि त्यांना शोधायला उतरलेले दोघेही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळी नावं वाचून काढली. तुम्हीही वाचा.

याच १९५१ साली काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, विकास आराखड्यानं डरहॅममधली शंभरावर गावं ‘ड’ वर्गात टाकली. तिथे नवी घरं नाहीत, नवा खर्च नाही. गाव आपोआप ओस पडू द्यायचं. ईझिंग्टन त्यात नव्हतं. पण माणसं राहत असलेल्या गावाबद्दल कागदावर असं ठरवावं, याचा मला आजही राग येतो. बरीच गावं लढून टिकली.

आणि जुलैचा दुसरा शनिवार मोकळा ठेवा. त्या दिवशी डरहॅममध्ये मायनर्स गाला, म्हणजे खाणकामगारांचा मोठा मेळावा, असतो. इथले लोक त्याला ‘बिग मीटिंग’ म्हणतात. पहिला १८७१ साली झाला. गावोगावचे रेशमी बॅनर बँडच्या मागोमाग शहरात येतात. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस गेला असेल, तिच्या बॅनरवर काळं कापड घालायची रीत होती. खाणी गेल्या, बॅनर अजून निघतात. सकाळी लवकर जाऊन एल्व्हेट पुलापाशी जागा धरा. पुढे काउंटी हॉटेलसमोर प्रत्येक बँड थांबून वाजवतो.