घोडी घाबरट आहे ना, मग घाई नको

अरे, तुझ्या घाबरट घोडीचं लिबर्टी ट्रेनिंग, म्हणजे दोर-लगाम न लावता शिकवणं, कसं सुरू करायचं विचारलंस ना, तर ऐक. नुसती मोरखी काढून मोकळं सोडलं म्हणजे ते झालं असं नाही, तिला लांब जायची मुभा पाहिजे आणि ती गेली तर तू मागे धावायचं नाही, बस. ५०-६० फुटांचं गोल रिंगण मिळालं तर उत्तम, मी इथे इंदूरला लाकडी बल्ल्या ठोकून केलं होतं. पहिले चार-पाच दिवस आत जाऊन नुसता उभा रहा, मोबाईल खिशात.

समोरून सरळ कपाळाकडे हात नेऊ नकोस, तिथे तिला दिसतच नाही, शेपटीच्या मागेही नाही. खांद्याच्या बाजूने तिरकं जा. मारवाडी जातीची आहे म्हणतोस तर ते वळलेले कान बघत रहा, एक कान तुझ्याकडे फिरला की तिथेच थांब, नजर दुसरीकडे वळव, एक पाऊल मागे. हे मागे जाणंच तिचं बक्षीस, गुळापेक्षा मोठं. माझी घोडी नवव्या दिवशी मान खाली घालून, ओठ चाटत स्वतःहून आली आणि मी मूर्खासारखा आनंदात हात वर केला, झालं, पुढचे तीन दिवस मॅडम पलीकडच्या कडेला! हात लावायचाच तर आयाळ संपते तिथे खाजव, घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. थोपटणं राहू दे.

आणि हो, रंगपंचमीच्या आठवड्यात सुरू करू नकोस, गेरचे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचे, ढोल-डीजे लांबून ऐकू येतात. खाणं सोडून सारखी लोळायला लागली तर ती भीती समजू नकोस, पोट दुखत असेल, लगेच डॉक्टरला बोलाव.