खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ताकदीचे व्यायाम केव्हा सुरू करावेत?

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. न्हाणीघरात पाय घसरून पडल्याने तिचा उजवा खुबा मोडला आणि शस्त्रक्रिया करून मांडीच्या हाडात रॉड बसवावा लागला. आज बारावा दिवस आहे. फिजिओथेरपिस्ट तिला वॉकर धरून चालवतातच, पण आता घोट्याला अर्ध्या किलोची पट्टी बांधून गुडघा सरळ करायला लावतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘हाड जुळेपर्यंत दीड-दोन महिने तिला पडू द्या.’ व्यायामाच्या वेळी ती कळवळते, ते बघवत नाही. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फिजिओथेरपिस्टचे ऐकावे. मात्र त्याआधी एका गोष्टीची खात्री करून घ्या. आईने त्या पायावर किती भार द्यायचा, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत, शक्यतो कागदावर लिहून घ्या. बहुतेक रुग्णांना ‘सोसेल तेवढा पूर्ण भार’ देण्याची मुभा असते, कारण म्हातारपणी ही शस्त्रक्रिया करण्याचा मुख्य हेतूच माणसाला लवकर उभे करणे हा असतो. हाडाचे तुकडे फार झाले असतील किंवा पकड कमकुवत असेल, तर डॉक्टर काही आठवडे भार कमी ठेवायला सांगतात, आणि तेव्हा त्यांचाच शब्द पाळावा.

आपल्या घरच्या मंडळींचे म्हणणे पोकळ नाही. त्यांनी जुना काळ पाहिलेला आहे. त्या काळी खुबा मोडला की पायाला वजन लटकवून रुग्णाला कित्येक आठवडे खाटेवर ठेवत, कारण हाड जागच्या जागी धरून ठेवायला दुसरा उपाय नसे. आज ते काम रॉड करतो आहे. पडून राहिल्याने हाडाला काही मिळत नाही, उलट फुप्फुसात कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि स्नायू झपाट्याने झडतात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी लोकांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले होते, तर तेवढ्यात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस कमी झाले. त्यांचे हाड मोडलेले नव्हते, शस्त्रक्रिया झालेली नव्हती, जेवणही पुरेसे होते. आपल्या आईच्या शरीरावर तर या साऱ्याचा ताण एकदम आलेला आहे.

लवकर वजन बांधण्याबद्दल मात्र अवाजवी आशा ठेवू नये, म्हणून हेही सांगतो. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या रुग्णालयात ९० रुग्णांवर याच व्यायामाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयातल्या पहिल्या काही दिवसांत नेहमीच्या फिजिओथेरपीला वजनाच्या व्यायामाची जोड दिल्याने ताकदीत जास्तीची भर पडलेली दिसली नाही. याउलट, २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्या रुग्णांनी पुढे सहा महिने देखरेखीखाली व्यायाम केला आणि त्यातल्या नंतरच्या टप्प्यात हळूहळू वजनही वाढवले, त्यांची ताकद, चाल आणि तोल घरी हलके व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगले सुधारले. याचा मला समजलेला अर्थ असा, की पहिल्या दिवसांत उभे राहणे आणि चालणे हाच खरा व्यायाम असतो, अर्धा किलो हा श्रीगणेशा असतो, आणि फळ मिळते ते पुढचे महिने वजन वाढवत राहिल्याने. आपल्याकडे नेमके इथेच घोडे अडते. चौथ्या महिन्यातही पाय तोच, पट्टी तीच आणि आकडा तोच दहाचा, अशी किती तरी माणसे मी पाहिली आहेत. आणि त्यांच्या हातून वॉकर काही सुटलेला नसतो.

वजन योग्य आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. आठ-दहा वेळा पाय उचलता यावा आणि शेवटचे दोन नेटाने करावे लागावेत. बारा-पंधरा वेळा गप्पा मारत होऊ लागले की फिजिओथेरपिस्टना विचारून वजन वाढवावे. चांगल्या पायालाही हाच व्यायाम द्यावा, कारण या दिवसांत सारा भार तोच वाहतो आहे.

खुर्चीतून उठण्याचा सराव तर चुकवूच नका. जेवणाच्या टेबलाची हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईला बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकू द्या, दोन्ही टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला सांगा, मग पुढे झुकून उठू द्या. काखेत हात घालून तिला ओढू नका. बाजूला उभे राहून कमरेपाशी हात तयार ठेवा. बसताना धपकन न बसता मनातल्या मनात चार अंक मोजत बसायचे, कारण मांडीचे स्नायू खाली येतानाही तितकेच काम करतात. आधी बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी, जमू लागले की ती काढावी.

तिचे कळवळणे आपल्याला बघवत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी देता येईल का, ते त्यांना विचारा; एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. मांडीत ओढ बसणे, थकवा येणे चालते. परंतु जांघेत अचानक तीव्र कळ आली, पायावर उभेच राहवेना, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसू लागला, जखमेतून पाणी आले, पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

खाण्याचेही तितकेच महत्त्व आहे. नुसत्या मऊ वरणभातावर स्नायू भरून येत नाहीत. दूध, दही, अंडी, उसळ, पनीर, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

प्रश्न : माझ्या ८२ वर्षांच्या वडिलांचा खुब्याचा अर्धा सांधा बदलला आहे. आमच्या गावात फिजिओथेरपिस्ट येत नाहीत, वजनाच्या पट्ट्याही मिळत नाहीत. ते मांडी घालून जेवायला बसू का, असे सारखे विचारतात.
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि भारतीय बैठकीचा संडास सध्या पूर्ण बंद ठेवा. या हालचालींत बदललेला सांधा निखळू शकतो. परवानगी केव्हा द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. तोवर कमोडची खुर्ची आणा आणि त्यांच्या जेवणाच्या वेळी आपणही त्यांच्यासोबत खुर्चीवर बसा. एकट्याला वर बसवले की त्यांना परके वाटते. पट्टीसाठी जुन्या पँटचा पाय कापून शिवा, त्यात कोरडी वाळू भरा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर अर्धा किलो तोलून घ्या. घोट्याला बांधताना खाली मोजा घाला, म्हणजे कातडी सोलणार नाही. पुढच्या तपासणीला शहरात जाल तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्टकडून सगळे व्यायाम वडिलांकडून करून घ्या आणि त्याचे मोबाइलवर चित्रण करून आणा.