सिस्टर निवडताना टेबलावर काय ठेवाल?

प्रश्न : नाशिकरोडला आमचं २० खाटांचं हॉस्पिटल आहे. मुलाखतीत फाडफाड उत्तरं देणाऱ्या मुली ड्युटीवर गोंधळतात. गेल्या महिन्यात एका सिस्टरने चुकीच्या सिरिंजमध्ये इन्सुलिन भरलं. दुसरीचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. आता दोन जागा भरायच्या आहेत. पारख कशी करू? — एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून पोटात गोळाच आला. मी ३२ वर्षं वॉर्डात काढली, शेवटची ११ मेट्रन म्हणून.

आधी कागद. एएनएम असो की जीएनएम (नर्सिंगचे दोन कोर्स), महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी बघा. नूतनीकरण दर ५ वर्षांनी लागतं, तीही तारीख तपासा. कुठल्याशा सहा महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे नोंदणी नव्हे. एवढं झालं की खुर्चीवरून उठा आणि मुलीला ड्रेसिंग रूममध्ये न्या.

टेबलावर इन्सुलिनची व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, ठेवा, मिलीला ४० युनिटवाली, आणि दोन सिरिंज, एक लाल टोपणाची, एक केशरी. "दहा युनिट भर," एवढंच सांगा. टोचायला पेशंट नको, उशी पुरे. लाल टोपणाची सिरिंज मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, केशरी १०० च्या. ४० च्या व्हायलमधून केशरी सिरिंज दहाच्या खुणेपर्यंत भरली तर प्रत्यक्षात चारच युनिट जातात. उलट १०० ची व्हायल आणि लाल सिरिंज, तर दहाचे पंचवीस! साखर झपकन उतरते आणि माणूस बेशुद्ध पडतो.

सटाण्याकडची एक मुलगी मला अजून आठवते. तिने व्हायल उजेडात धरली, लेबलवर बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, "मॅडम, व्हायल चाळीसची आहे, मग ही केशरी इथे कशाला?" इंग्रजीत तिला स्वतःची ओळखही धड करून देता आली नव्हती, डॉक्टर नको म्हणत होते. मी हट्टाने घेतली. पुढे बागलाणातल्या म्हाताऱ्या बायका तिलाच हाका मारायच्या, ती त्यांच्याशी अहिराणीत बोलायची म्हणून.

टोचून झाल्यावर सुईला परत टोपण लावते (ते चूक) की सरळ सुई कापायच्या नीडल कटरकडे जाते (ते बरोबर), तेही बघा.

मग कागद-पेन द्या. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय, मिनिटाला थेंब किती? चांगली मुलगी आधी विचारेल, "सेट कितीचा?" सलाइनची नळी मिलीला २० थेंबांची असेल तर साधारण ४२, मायक्रो म्हणजे ६० थेंबांची असेल तर १२५. न विचारता आकडा ठोकणारीला पुन्हा एक संधी द्या, मुलाखतीत घाबरायला होतं.

शेवटी एकच तोंडी प्रश्न : डॉक्टर घाईत म्हणाले, पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत सोड, तर काय करशील? तसं दिलं तर हृदय बंद पडतं. ते सलाइनमध्ये मिसळून सावकाशच द्यायचं असतं. "सर, थेट नाही देता येणार," असं म्हणणारी मुलगी हवी. "सर सांगतील तसं" म्हणणारीला नाइट देऊ नका.

आणि ताई, चुकलेल्या सिस्टरचं पुढे काय केलंत, ते लिहिलं नाहीत. काढली नसेल तर काढू नका. दोन्ही रंगांच्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये होत्या का, ते आधी बघा. तुमच्याकडे सगळ्या व्हायल ४० च्याच असतील, तर केशरी टोपणं आजच वॉर्डातून उचला.